वहिनीचा आडाळो

हे मी लिहावं की नाही, असं पुन्हा पुन्हा वाटलं. मी डॉक्टर नाही. तारकर्लीच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. काही चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं. पण वहिनीचा आजार डॉक्टरांनी माझ्यासमोर समजावला, आणि तो तिला मालवणीत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

वहिनी मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिची दोन मुलं पोटातच गेली. वाडीत कुणी नजर म्हणे, कुणी देवाचं काही राहिलं म्हणे. ती ऐकून घ्यायची आणि पाटी उचलायची. मग तिचा डावा पाय सुजून खांबासारखा झाला आणि दादा तिला घेऊन कोल्हापूरला माझ्याकडे आला.

डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. शरीराची राखण करणारी द्रव्यंच तिच्यावर उलटली आहेत. नवल असं की हे रक्त परीक्षानळीत उशिरा गोठतं आणि शरीरात नको तिथे गोठतं. शिरेत गोठलं तर पाय सुजतो; धमनीत गोठलं तर पुढे रक्तच पोचत नाही, मग तो मेंदू का असेना. मुलाला पोसणाऱ्या वारेतल्या बारीक वाहिन्याही अशाच बुजतात. हा आजार गेल्या काही वर्षांतच ओळखू येऊ लागलाय, असंही ते म्हणाले.

मी वहिनीला सांगितलं, "माडांक राखणो ठेवलो आणि तो घरच्यांकाच चोर समजान वाट अडवता, तसा."

"म्हणजे तुझ्या दादासारखो," ती म्हणाली. "सगळ्यांवर वसवसता."

दादा हसला नाही. "मूल ऱ्हवात मां?" एवढंच त्याने विचारलं. डॉक्टरांनी प्रयत्न करू म्हटलं, खात्री दिली नाही.

पुढच्या वर्षी वहिनीला पुन्हा दिवस गेले. रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ घ्यायचं होतं. नर्सबाईंकडून शिकून ती स्वतःच पोटावर टोचून घ्यायची. बांगड्याचे काटे बोटात गेलेल्या बाईला सुईचं काय, म्हणायची. सुट्टीत घरी गेलो की मला मात्र ते बघवत नसे.

कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच दिवशी दादाने तिचा आडाळो, म्हणजे मासे कापायची विळी, आपल्याकडे ओढली. आमच्याकडे पुरुष मासे आणतात, आडाळ्यावर बसत नाहीत. शेजारची काकी कुंपणावरून ओरडली, "रे, आता लुगडा पण नेस!"

"नेसतलंय. आधी ह्यो बांगडो कापून होवंदे."

त्याचे तुकडे वेडेवाकडे व्हायचे. वहिनी लांब बसून शिकवायची, "शेपटेकडसून धर रे!" आणि हसायची. त्या दोघांइतकं धीराचं मी कुणी पाहिलेलं नाही.

शेवटच्या महिन्यात माझी परीक्षा होती. पुस्तक उघडलं तरी तिचा सुजलेला पाय दिसे. मालवणची गाडी यायच्या वेळी मी रोज स्टँडवर जाऊन उभा राहायचो. एका दुपारी त्या गाडीचे, आमच्या गावाकडचे कंडक्टर खिडकीतूनच हाका मारू लागले.

"रे, दादान निरोप दिल्यान! चेडू झाला. आवस-चेडू दोघाय बरी आसत."

मुलगी झाली, मायलेकी सुखरूप! मी धावत खिडकीशी गेलो.

"आणि आडाळो अजून तेच्याचकडे आसा म्हणून सांगल्यान."