चरावरची चौकट

आमच्या भागात घराची चौकट उभी करताना नारळ घरमालक फोडत नसे, लागून असलेला शेजारी फोडायचा. जागेची कुरबुर नाही, भिंतीची तक्रार नाही, आम्ही राजी आहोत, हे सगळं त्या एका नारळात आलं. कागदाला किंमत नव्हती, नारळाला होती. एकदा फोडला की मागं फिरणं नाही. लोकांना या रीतीचं भारी कौतुक. मला तिची किळस येते, आणि का येते ते सांगते.

लढाईचे दिवस होते. माझा नवरा पलटणीत, समुद्रापार. घरी मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासू, आणि मी. गाव साताऱ्याहून सांगलीकडं जाताना लागायचं. नाव सांगत नाही, उगीच कुणाच्या नातवंडांना चटका नको. गाव कसलं, मोठं खेडंच, पण म्युनिसिपालटी होती आणि तिचे नियमही होते. बांधायचं तर आधी नकाशा द्या, परवानगी घ्या, मग कुदळ मारा. पाण्याची जुनी वाट बुजवू नका. नियम अगदी सोन्यासारखे. आणि आमच्या शेजारची मोकळी जागा विकत घेतली ती याच म्युनिसिपालटीच्या मेंबरनं. कुंपणच शेत खायला लागलं तर सांगायचं कुणाला?

आमचं परसू उंचावर, त्याची जागा उताराला, तिच्याखाली ओढा. पावसाचं, न्हाणीचं, गोठ्यातलं सगळं पाणी एका चरातून त्या जागेतून ओढ्याला जायचं. मामंजींच्या आज्यापासून तसंच जात आलेलं. आणि परसाच्या मधोमध आमचं पेव होतं. जमिनीत खणलेली आडासारखी खोल कोठी, तळाला आणि कडेला कडबा, आत वर्षाची ज्वारी, तोंडावर दगड आणि दगडावर लिंपलेली माती. घरातल्या कणगीतलं संपलं की श्रावणात पेव उघडायचं, आणि माघात नवी ज्वारी येईपर्यंत त्याच्यावर निभावायचं. बाजारात दाणा मिळत नव्हता. रेशनच्या दुकानात मिळायचा त्याला दाणा म्हणायचं तर किड्यांना काय म्हणायचं? पेव कोरडं राहिलं तरच आमचं पोट भरणार होतं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मेंबरच्या जागेत गवंड्यानं पांढरी फक्की मारली. जोत्याची रेघ सरळ आमच्या चरावरून गेली. मी शेणी लावत होते, मला दिसली. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून आत्याबाईंना सांगितलं, पण सोप्यात बसलेल्या मामंजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"आत्याबाई, रेघ चरावर पडलीया. आपलं पाणी जायाचं कुटनं?"

मामंजी आतूनच म्हणाले, "मेंबर हाय त्यो. कायदा त्येला ठावं न्हाई व्हय? ठेवंल की पान्याला मोरी."

"आवं, पर इचारून तर बगा," आत्याबाई म्हणाल्या.

"इचारतो."

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताची चौकट उभी राहिली, ऐन चरावर. हळदकुंकू लागलं, आंब्याची डहाळी बांधली. बायकांच्या घोळक्यातून मी बघत होते. मामंजींनी तोंड उघडलं. "मेंबर, त्ये पान्याचं..."

"आवं दाजी, आदी म्हुरत साधू. टळतंय बगा. पान्याचं मग बोलू की."

चार माणसांदेखत हातात नारळ आला. आमचे मामंजी म्हणजे लाखात एक सज्जन माणूस. सज्जनपणाचा मला तेव्हापासून वीट आलाय. चार माणसांत कुणाचा मुहूर्त कसा मोडायचा, म्हणून त्यांनी तो नारळ फोडला. एका घावात. म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर तिथंच गूळखोबरं चघळत उभा होता. परवानगीचा अर्जसुद्धा अजून पडला नव्हता, आणि तो खोबऱ्याचा तुकडा दाढेत धरून हसत होता. मुडदा बशिवला त्याचा!

'मग बोलू' म्हणालेला मेंबर मग कुठला बोलतोय? जोतं वर आलं, चर दगडमातीनं गच्च बुजला, मोरीचा पत्ता नाही. मामंजींनी शाळेतल्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि कचेरीत गेले. परत आले ते ओसरीवर बसून राहिले. आत्याबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले. कारकुनानं नियम वाचून दाखवला होता, पाण्याची वाट अडवू नये हेही वाचलं होतं. मग विचारलं, "चौकटीला नारळ कुणी फोडला?"

"म्या."

"मग तक्रार कसली घिऊन आलाय?"

ओव्हरसियरनं कागद आधीच करून ठेवला होता. शेजारी हजर होते, त्यांनी स्वहस्ते नारळ फोडला, सबब त्यांची हरकत नाही. नकाशात आमचा चर दाखवलाच नव्हता. परवानगीवर सही झाली होती. मामंजींनी हात जोडून म्हटलं, निदान चौकट हातभर सरकवा, म्हणजे मोरीला जागा होईल. तर कारकून कानांवर हात ठेवून म्हणाला, "पुजलेली चौकट? आनि पाप कुनाच्या डोक्यावर?" पापाची एवढी भीती असलेली कचेरी मी दुसरी पाहिली नाही.

पाऊस लागला आणि आमचं परसू डबकं झालं. पेव उघडून दाणा काढावा तर तोंडातूनच पाणी आत शिरणार. शी! शेण, मूत, न्हाणीचं पाणी, सगळं जोत्याला तटून मागं फिरलं. वर हिरवी साय, सायीवर डास. मेंबरची बायको बांधकाम बघायला आली की तोंड फिरवून उभी राहायची, आमच्याकडून वास येतो म्हणून! ओव्हरसियर एकदा आला. नाकाला रुमाल लावून उंबऱ्यावरूनच बघितलं, मेंबरकडं चहा प्यायला आणि गेला.

एका दुपारी मला राहवलं नाही. पदर खोचला, कुदळ घेतली आणि जोत्याच्या कडेनं चर उकरायला लागले. गुडघ्याएवढ्या घाणीत उभी होते. दोन दगड निघाले आणि पाणी हललं, खरंच हललं. तेवढ्यात मागून कुणीतरी कुदळ धरली. मामंजी! आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले.

"सूनबाई, ऱ्हाऊ द्या. नारळ म्या फोडलाय."

"आन् पेव, मामंजी?"

ते वाकले, ते दोन्ही दगड उचलले आणि होते तिथं परत बसवले. स्वतःच्या हातानं. मला त्या क्षणी मेंबरपेक्षा त्यांचा जास्त राग आला. मेंबर लबाड होता, पण निदान स्वतःच्या घरासाठी लबाड होता.

नागपंचमी झाल्यावर पावसानं उघडीप दिली तेव्हा पेव उघडलं. दगड सरकवला मात्र, असा भपकारा आला की आत्याबाई ओकल्या. आतली हवा जायला दिवसभर उघडं ठेवलं, कंदील सोडून बघितला, मग मामंजी दोर धरून उतरले. टोपली वर आली. तिच्यात ज्वारी नव्हतीच. काळे, चिकट, गरम गोळे, पांढरे मोड फुटलेले, वळवळणारे. दुसरी टोपली तशीच. दहावी तशीच. बैलापुढं टाकली तर बैलानं मान फिरवली. आत्याबाई मेलेल्या माणसासाठी रडावं तशा छाती बडवून रडल्या. तिसऱ्या दिवशी म्युनिसिपालटीची नोटीस आली. परसात कुजका ढीग ठेवून लोकांच्या आरोग्याला धोका आणला, तो ढीग ताबडतोब पुरून टाकावा. नियम होता ना! हा मात्र पाळून घेतला त्यांनी.

मग आम्ही रेशनवर जगलो. एक भाकरी तिघांत, कधी नुसती आंबील, कधी रानातला तांदुळजा उकडून. आत्याबाई स्वतः कमी खायच्या, मामंजी त्याहून कमी. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मार्गशीर्षात मेंबरची वास्तुशांत झाली. अक्षता घेऊन बोलावणं आलं. मामंजींनी पटका बांधला. "न्हाई गेलो तर लोक म्हंतील, नारळ फोडून मन मोडलं." मी आत्याबाईंना म्हटलं, मी मेले तरी त्या घरात पाय ठेवणार नाही. आणि ठेवला तर त्या बाईच्या तोंडावर चार शब्द टाकल्याशिवाय परत येणार नाही. त्या म्हणाल्या, "चल गं बाई, दोन घास..."

गेले. त्याच चौकटीतून आत गेले. बायकांच्या पंगतीत बसले. मनात चारही शब्द जुळवून ठेवलेले होते, एकेक निखाऱ्यासारखा. मेंबरची बायको पुरणपोळ्यांची परात घेऊन ओळीनं वाढत माझ्यापुढं आली. कटाची आमटी, तूप, गरम गुळाचा वास. तिनं माझ्या मनगटाकडं बघितलं आणि म्हणाली, "लाजू नगंस पोरी, पोटभर जेव."

मी पाच पोळ्या खाल्ल्या. ती पुन्हा आली, तेव्हा मी ताट पुढं सरकवलं.