ताडाखालची मध्यस्थी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे कोणी हसलं की माझी गाडी रुळावरून घसरते. तर ऐका. मी माझ्या सख्ख्या बाबांना आणि सख्ख्या काकांना भांडायला लावलं, आणि तेही स्वतःच्या करिअरसाठी.

मी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात हल्ली करिअर प्लॅनिंगचं असं वारं सुटलंय की पहिल्या वर्षाची पोरं राज्यघटना उघडायच्या आधी बायोडेटा लिहून मोकळी होतात. एक पाहुणे व्याख्यानाला आले. म्हणाले, "कोर्टात चपला झिजवायचे दिवस गेले. आता मध्यस्थी शिका. भांडणं बाहेरच्या बाहेर मिटवा, आणि अनुभव आत्तापासून गोळा करा." आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारणीने तर आठवड्याच्या आत तिच्या सोसायटीतलं पार्किंगचं भांडण मिटवून बायोडेटात टाकलंसुद्धा.

माझी तर मुंबईच्या एका मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिपची मुलाखत ठरलेली, आणि बायोडेटात काय? निबंध स्पर्धा, उत्तेजनार्थ.

म्हणून सुट्टीत घरी गेले ती भांडण शोधायला. आमचा पाडा उधवा गावाच्या पुढे. दारोदार विचारत फिरले, "तुमचा कुणाशी वाद आहे का?" शेजारची जानकीमावशी म्हणाली, "आहे ना, सुनेशी. पण तो आमचा आम्ही घालतो, तू कशाला दमतेस?" असा सगळा असहकार.

आणि मग मला आमचा ताड दिसला.

बाबा थोरले, काका धाकटे. दोन घरं, मधे बांध, बांधावर ताड. बाबांचे गुडघे गेलेत, म्हणून काका चढतात. सकाळी उतरलेलं ताडीचं मडकं काकांचं, संध्याकाळचं आमचं. आजोबांच्या वेळेपासून हेच चालत आलंय. (परवान्याबद्दल कृपया विचारू नका, मी अजून विद्यार्थिनी आहे.) खरं तर दोन्ही मडकी शेवटी बांधावर एकाच जागी रिकामी व्हायची, दोघं भाऊ शेजारी बसून. पण मला दिसलं काय? सामायिक मालमत्ता आणि अलिखित करार.

आधी बाबांना एकांतात घेतलं. व्याख्यानात तसंच सांगितलं होतं.

"बाबा, ताडाच्या वाटणीत तुम्हाला काय खुपतं?"

"काही नाही."

आता आम्हाला शिकवलंय, की 'काही नाही' म्हणजे आत दाबून ठेवलेलं दुःख. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. बाबा वैतागून म्हणाले, "आता तू एवढी मागेच लागलीस म्हणून सांगतो. सकाळची गोड असते. संध्याकाळपर्यंत उन्हाने आंबते. आंबट ती आपल्या वाट्याला."

मग काका. काकासुद्धा आधी 'काही नाही'च म्हणाले. नंतर म्हणाले, "चढतो मी. उद्या पडलो तर कंबर माझी मोडणार. पिणारे खाली बसून 'सांभाळ रे' म्हणणार."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दोन दोन दुःखं, आणि दोन्ही अस्सल. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "पोरी, मिटलेलं कशाला उकरतेस?" तिला म्हटलं, आई, तुला प्रक्रिया कळत नाही.

संध्याकाळी दोघांना बांधावर समोरासमोर बसवलं आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याला वाचून दाखवलं.

काका बाबांकडे वळले. "आंबट देतो मी तुला?"

"आणि मी नुसता पिणारा?" बाबा म्हणाले.

त्यानंतर जे निघालं त्यात ताड कुठेच नव्हता. आजोबांचा बैल कोणी विकला, विहिरीवर कोणाची मोटर आधी लागली, सगळं निघालं. मी मधे "एकेक जण बोला" म्हणत होते, पण मध्यस्थाकडे बघतंय कोण. दुसऱ्या दिवशी ताडावरची मडकी कायमची उतरली. तिसऱ्या दिवशी बांधावर काट्यांचं कुंपण आलं.

आता यातली खरी गोची ऐका. काकांच्या रंजनाचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. आमच्याकडे मांडवाचा पहिला खांब मुलीच्या थोरल्या काकाने रोवायचा असतो. बाबा म्हणाले, मी पाय ठेवणार नाही. काका म्हणाले, बोलावतंय कोण.

रंजना आमच्या मागच्या दारी आली. ओरडली नाही, तेच वाईट. "ताई, खांब मोठे काका रोवणार नसतील तर मी हळदीला बसणार नाही. तुझं करिअर झालं असेल तर आमचं लग्न होऊ दे." मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

शेवटी आईने आणि काकूने पाड्यातल्या पंचांना अंगणात बसवलं. पंचांतल्या म्हाताऱ्या लखमाआजोबांनी विचारलं, "भांडण कधीपासूनचं?"

"आठ दिवस झाले," काका म्हणाले.

"त्याच्या आधी?"

"आधी कुठे होतं?" बाबा म्हणाले.

"मग लावलं कोणी?"

दोन्ही भावांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं. मग एकमेकांकडे बघितलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा दोघं हसले. निकाल तिथेच लागला. दंड म्हणून लग्नाची सगळी टोपं मी घासायची. बाबांनी खांब रोवला, काकांनी गुडघ्यांमुळे त्यांना धरलं, आणि मी दोन दिवस राख आणि काथ्या घेऊन विहिरीवर बसले. रंजना पाठवणीच्या वेळी रडता रडता माझ्या हातांकडे बघून हसली.

त्याच हातांनी मुलाखतीला गेले. नखांतली काजळी काही निघाली नव्हती. समोरच्या मॅडमनी बायोडेटा बघितला.

"मध्यस्थीचा अनुभव आहे म्हणतेस. प्रकरण मिटलं?"

"हो मॅडम. दोन्ही पक्षांचं पूर्ण एकमत झालं."

"कशावर?"

खोटं बोलणार होते, पण जमलं नाही. "चूक मध्यस्थाची आहे यावर."

मग त्यांनी सगळंच काढून घेतलं, ताडापासून टोपांपर्यंत. हसता हसता चष्मा काढून पुसला.

"इंटर्नशिप दिली तुला," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठायच्या बेतात होते. "मध्यस्थी विभागात?"

"छे. दावे लढवणाऱ्या विभागात. दोन चांगल्या भावांना एका संध्याकाळात वेगळं करणारं माणूस आम्ही तिथे कधीपासून शोधतोय."