झुलीचं अस्तर

कुणालाच बोललो नाही, ते लिहितो. आमची तट्टाणी राणी आजही सकाळपासून जांभळीच्या खोडावर मान घासतेय. सालीला केस चिकटलेत. डॉक्टरांनी दिलेलं उवांचं औषध लावलं, तरी तिला चैन नाही. स्वतःचं तोंड पोचत नाही तिथलं दुखणं मुक्या जिवाला दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागतं, आणि तिच्या वाट्याला माझा हात आला.

गावात वरातीची जरीची झूल एकच, सगळ्यांच्या घोड्यांना. तिच्या अस्तरात मला उवा दिसल्या होत्या. पण नवरदेव खोळंबला होता, मी तीच झूल राणीला घातली. काल शेजारचे शंकरदादा ती त्यांच्या घोडीसाठी घेऊन गेले. राणीकडे बघून म्हणाले, "वरात संपली, तरी नाचतेय की रे ही." मी हसलो. उद्या त्यांची घोडी वरातीला जाणार. झुलीत उवा आहेत, हे त्यांना सांगायचं अजून राहिलंय.