कार्डच खराब आहे!

कॉम्प्युटरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, सीपीयू काखोटीला मारून ते स्वतःच काउंटरपर्यंत येतात. माझ्याकडच्या प्रत्येक किश्शाची सुरुवातही ठरलेली, "तुमचं कार्ड खराब आहे."

का? तर व्हिडिओ अडकतो! फोर-के व्हिडिओ सरसर चालायला महागडं कार्ड लागत नाही, साधं पण नव्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड पुरतं. हे सांगून सांगून माझा घसा बसला. पण चित्र अडकलं की दोष कार्डाचा, आणि कार्ड दिलं म्हणून चोर मी! आपल्या संभाजीनगरात दुकानाचं नाव एकदा खराब झालं की संपलंच. म्हणून माझा नियम आहे. दोष दिसल्याशिवाय कार्ड बदलून मिळणार नाही. कुणालाही.

* * *

कन्नडचे काळे सर नातीच्या बारशाचा व्हिडिओ बघायला कार्ड घेऊन गेले. आठवड्यात परत. सीपीयू चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आले होते. बघतो तर कार्डाच्या तोंडावरचं प्लास्टिकचं बूच तसंच! मॉनिटरची केबल जुन्याच भोकात लावत होते.

"सर, केबल कार्डाला का नाही लावली?"

"नवीन आहे ना. रोज वापरून खराब व्हायचं. पाहुणे आले की लावू म्हटलं."

* * *

एक बागायतदार आले. मी गार ठेवायला एकच पंखा असलेलं कार्ड दाखवलं, तर त्यांना अपमानच वाटला. रागारागानं दुसरीकडून तीन पंख्यांचं जुनं धूड घेतलं. त्यावर नवे व्हिडिओ नीट चालेनात, शिवाय कॅबिनेटचं झाकण लागेना. तक्रार कुठे? माझ्याकडे! हे मी दिलेलंच नाही, असं ओरडलो तर शांतपणे म्हणतात, "पण सल्ला तर तुम्हालाच विचारला होता की."

* * *

वेरूळच्या एका लॉजवाल्यानं पाहुण्यांसाठी लेण्यांचा व्हिडिओ लावला होता. सुरुवातीला झकास चालायचा, मग अडकायचा. तिथवर मोटारसायकल हाणत गेलो. सीपीयू लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप! आत कार्ड इतकं तापलेलं की हात लावता येईना. माझा पारा त्याच्याही वर.

"हवा कुठून मिळणार त्याला?"

"मग काय उघड्यावर ठेवू? टूरिस्ट लई हात लावतेत."

* * *

आणि पडेगावचे सलीमभाई. लग्नाचं शूटिंग करणारे. स्टँड न लावता कॅमेरा धरतात, पण चित्र तसूभर हलत नाही. हात असावा तर सलीमभाईंसारखा, असं सगळे शूटिंगवाले म्हणतात. ते सांगतील त्याच दुकानातून हे सगळे माल घेतात.

परवा ते भरल्या दुकानात आले. हे शूटिंगवाले माझ्याकडेच चहा पीत बसलेले. सलीमभाईंनी सीपीयू काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कार्ड खराब दिया भाई तुमने. व्हिडिओ हलतोय."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझं दुकान बुडत होतं! केबल बघितली, ठीक. कार्ड थंडगार. दुसऱ्या लग्नांचे व्हिडिओ लावले, लोण्यासारखे चालले. मग त्यांनी दाखवला तो लावला. त्यांच्याच मुलीच्या लग्नाचा. जेवणं, निकाह, सगळं स्वच्छ. रुखसत, म्हणजे मुलीची पाठवणी आली आणि चित्र थरथरायला लागलं.

स्क्रीन माझ्याकडे होती, बाकीच्यांना दिसत नव्हती. मी हळूच विचारलं, "हे कुणी शूट केलं?"

"मीच. रुखसतीला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात कसा देऊ?"

मागून एकानं आवाज दिला, "काय झालं हो, काय निघालं?"

सलीमभाई खाली बघत होते. मी व्हिडिओ बंद केला, नवं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कार्डच खराब निघालं."