रिकामी केलेली जागा

ऑफिसात तिला सगळे ‘आवराआवर’ म्हणत. तिची टीम एका प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, लिहायची. प्रोग्रामला कुठली माहिती कुठवर लागणार हे कंपायलरने आधीच ओळखावं आणि त्या माहितीचं काम संपताक्षणी मेमरीतली जागा मोकळी करावी, असा बदल तिने केला होता. प्रोग्राम भलतेच पळू लागले. साहेबांनी पाठ थोपटली. आज दुपारी नवी आवृत्ती बाहेर पडणार होती. औषधाचे थेंब मोजून सोडणारी यंत्रं बनवणारा कारखाना त्या आवृत्तीकडे डोळे लावून बसला होता.

चाचण्या सगळ्या पास होत्या.

सकाळी बाबांनी मिठासाठी मान वळवली, तेवढ्यात तिने त्यांची ताटली उचलून नळाखाली धरली होती.

“अगं, घास हातात आहे माझ्या,” बाबा म्हणाले. “माणूस उठलाय का ते तरी बघत जा.”

ही एक दिवस आपल्यालाही घासूनपुसून पालथं घालेल, असं म्हणून आई हसली. तिला मात्र हसू आलं नाही.

ऑफिसात खुर्चीत टेकता टेकता तिला आठवलं. मोकळ्या केलेल्या जागेत चाचणीच्या वेळी मुद्दाम भलतेच आकडे कोंबायची त्यांची पद्धत होती. मागाहून कुणी तिथे वाचायला गेलंच तर पकडलं जावं म्हणून. त्याने चाचण्या रखडतात म्हणून ते तिनेच बंद केलं होतं. म्हणजे जागा मोकळी झाली तरी जुना आकडा तिथे तसाच पडून. उशिरा येणाऱ्यालाही बरोबर उत्तर मिळणार आणि चाचणी पास होणार; खऱ्या वापरात मात्र तिथे दुसराच आकडा येऊन बसू शकतो. इथे ताटली उचलली होती, धुतली कुणीच नव्हती.

शेजारच्या टेबलावरचे मामा, टीममधले सगळ्यात जुने, म्हणाले की सुखासुखी कशाला उकरून काढतेस. तिने आकडे कोंबणं पुन्हा चालू केलं. पडद्यावर हिरव्या ओळी सरकत राहिल्या. मग एक लाल ओळ आली, नापास चाचणीची. तिच्याखाली आणखी.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा ते फोनवर कारखान्याला नव्या आवृत्तीची वेळ सांगत होते. त्यांनी खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

“माझा बदल काढा,” ती म्हणाली. “मोकळी केलेली जागा कुणीतरी अजून वाचतंय.”

साहेबांनी फोनवर हात ठेवला. “नक्की?”

“नक्की. दुरुस्तीला किती वेळ लागेल, ते नाही ठाऊक.”

टेबलावर साहेबांचा अर्धा कप चहा निवत होता. तिचा हात तिकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि ती दोन्ही हात पाठीशी धरून उभी राहिली.