हळदीकुंकवाच्या दिवशी रॉकेट रंगवलं

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. बरं जाऊ दे, हसा. माझी बायको मृणाल अजून हसतेय, तिथे तुम्हाला कोण अडवणार!

तर आम्ही कॅनडातलंच ओकव्हिल सोडून विनिपेगला आलो होतो. नवं घर, नवी नोकरी आणि त्यात जानेवारी. विनिपेगचा जानेवारी म्हणजे काय, हे ज्याच्या नाकातले केस गोठलेत त्यालाच विचारा! मृणालच्या ओळखीचं गावात कुणी नव्हतं. जुन्या मैत्रिणींशी फोनवर बोलून झालं की ती खिडकीतून बर्फ बघत बसायची. मला फार वाईट वाटायचं. शेवटी तिनेच ठरवलं, संक्रांतीचं हळदीकुंकू घरी करायचं. मराठी मंडळाच्या ग्रुपवरून एकेक बाई शोधून तिने आमंत्रणं दिली.

"हे बघ," मला म्हणाली, "आजचं नीट पार पडलं तर मला इथे माणसं मिळतील. तू मध्ये कडमडू नकोस."

"मी कशाला कडमडतोय? मी गॅरेजमध्ये रॉकेट रंगवणारेय."

हो, रॉकेट. पुठ्ठ्याच्या नळीचं, माझ्या कमरेएवढं, बुडाशी छोटी मोटर बसवली की खरोखर आकाशात उडणारं. वयाच्या पंचेचाळिशीला माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा की नाही? त्याचं अंग पांढरं ठेवायचं होतं आणि त्यावर भडक केशरी पट्टे.

आता पट्टे सरळ यायचे, तर जो भाग पांढरा ठेवायचा तो मास्किंग टेप आणि कागद लावून झाकावा लागतो. टेपची कड नखाने दाबत दाबत बसवायची. वरून पांढऱ्याच रंगाचा एक हलका हात मारायचा, म्हणजे बारीकसारीक फटी बुजतात आणि केशरी रंग आत शिरत नाही. सकाळपासून बेसमेंटमध्ये बसून मी हेच करत होतो. नवरीला नटवताना कुणी इतका जीव लावत नसेल!

गॅरेज हीटर लावून आधीच गरम केलं होतं. फरशीवर रंग उडू नये म्हणून मधोमध एक जुनी मोठी चादरही पसरून आलो होतो.

दुपारी जिन्यावरून मृणालची हाक आली. "अरे, गॅरेजमध्ये चादर तू पसरलीस?"

"हो! फरशी खराब नको व्हायला."

"अय्या, किती छान! मला सुचलंच नव्हतं. थँक यू रे!"

मी खूश, तीही खूश. आमच्या संसारात हे इतकं क्वचित घडतं, की मला तिथेच संशय यायला हवा होता. नाही आला.

केशरी रंगाचा स्प्रे-कॅन कोमट पाण्यात ठेवून गरम केला, तोंडाला मास्क लावला, डोळ्यांना गॉगल चढवला आणि नवजात बाळाला न्यावं तसं रॉकेट घेऊन गॅरेजमध्ये शिरलो. हीटर बंद केला. चालू ठेवून स्प्रे मारला असता तर हा किस्सा तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितला असता! चादरीच्या बरोबर वर छताला दोरीने रॉकेट टांगलं. तेवढ्यात माझ्याच श्वासाने गॉगलवर धुकं आलं. पायाला काहीबाही लागत होतं, पण आमच्या गॅरेजमध्ये पायाला काही लागलं नाही तरच मी दचकतो.

फुस्स... फुस्स... रॉकेट गोल फिरतंय, मी त्याच्याभोवती फिरतोय, आतून उखाण्यांचे आवाज येतायत. आणि त्यात मृणालचं हसणं! किती दिवसांनी ती इतक्या मोठ्याने हसत होती. मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू, की त्या भरात मी आणखी एक कोट मारला. मग आणखी एक.

रंग जरा धरल्यावर गॉगल डोक्यावर सरकवून टेप सोलायला घेतली. आहाहा! काय ती कड! सुरीने कापल्यासारखी! त्याच क्षणी दार उघडलं. मृणाल, आणि तिच्यामागे काळ्या साड्यांतल्या सगळ्या बायका.

"या, या!" मी ओरडलो. "कड बघा, कड!"

कड कुणीच बघेना. सगळ्या खाली बघत होत्या. म्हणून मीही खाली बघितलं.

चादरीवर बूट होते. बर्फाने भरलेले सगळ्यांचे बूट मृणालने घरात ओल नको म्हणून उचलून आणून, माझ्या चादरीवर ओळीने मांडून ठेवले होते. येताना काळे, तपकिरी, राखाडी असलेले ते बूट आता एकजात केशरी झाले होते.

"अरे बाप्पा!" मंडळाच्या अध्यक्ष नलिनीताई म्हणाल्या. त्या मूळच्या नागपूरच्या. "भाऊ, काय करून ठेवलं हे?"

"चादर... रंगासाठी होती," मी म्हणालो.

"मला वाटलं बुटांसाठी!" मृणाल.

"मग विचारायचं ना!"

"विचारलं की! तूच म्हणालास, फरशी खराब नको व्हायला!"

"मग? झाली का फरशी खराब?"

हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं, देव जाणे. मृणालच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. संपलं! गावातल्या सगळ्या मराठी बायकांना मी एका दुपारी कायमचं पळवून लावलं होतं.

पण पळणार कशा? बुटांवरचा रंग ओला, बाहेर हाडं गोठवणारी थंडी! मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग नलिनीताई हसल्या आणि मग कुणी थांबेचना. मृणालने पुन्हा चहा टाकला, खिचडी लावली. संध्याकाळी बूट ओळखायचा कार्यक्रम झाला. "सात नंबर कुणाचा गं?" "हा माझ्या पायात जातोय, पण माझा नाहीये!" मी सगळ्यांना नवे बूट घेऊन देतो म्हणालो, तर नलिनीताईंनी हात जोडले. "राहू द्या भाऊ, तुम्ही आता काहीच करू नका."

आता त्या सगळ्यांचा फोनवर 'केशरी बूट' नावाचा ग्रुप आहे आणि मृणाल त्याची ॲडमिन आहे. एकही वीकेंड रिकामा जात नाही. तिला माणसं मिळाली, अगदी मनासारखी!

आणि मला? परवा इंडियन ग्रोसरीत एक बाई दिसल्या, पायात केशरी बूट. त्यांनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मी आपला ओळखीचं हसत पुढे झालो. नवऱ्याने अगदी अदबीने नमस्कार केला, आणि हळूच आपले दोन्ही पाय कांद्याच्या पोत्यामागे घेतले.