माझ्या छातीइतकं पाणी

घराच्या मागं पोहायचा तलाव बांधून मला सहा वर्षं झाली. निपाणीत आमच्या गल्लीत त्याला कुणी तलाव म्हणत नाही, 'बाईंचा हौद' म्हणतात. हायस्कूलला शिकवायचे म्हणून मी बाई. हौद म्हणताना लोकांच्या ओठाच्या कोपऱ्यात जे हसू येतं ते मला पाठ झालंय. लग्नकार्यात कुणीतरी शेजारी सरकून हळूच विचारतंच, आता वाटत असेल ना, उगीच बांधला म्हणून? त्यांना 'हो' ऐकायचं असतं. चुका माझ्या पुष्कळ झाल्या आणि त्या मी लपवत नाही. पण 'हो' काही मी म्हणत नाही.

मी पोहायला शिकले विहिरीत. माझं माहेर चिकोडीकडच्या एका खेड्यातलं. थोरल्या अण्णानं पाठीला वाळका भोपळा बांधला आणि पायरीवरनं ढकलून दिलं. दोन उन्हाळ्यांत भोपळा सुटला. तेरावं लागलं तसं आईनं एका सकाळी विहिरीच्या वाटेवरनं परत बोलावलं, आता मोठी झालीस म्हणाली. अण्णा पुढं गेला, मी ज्वारी निवडत बसले. नंतर लग्न, नोकरी, दोन मुलं. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं पाणी अंगावर आलं ते तांब्यानं.

निवृत्त झाले आणि गुडघे धरले. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, पोहता येत असेल तर पोहा, ऑपरेशन लांबेल. निपाणीहून बेळगावला पोहायला रोज कोण जाणार? घरामागं जुन्या तंबाखूच्या वखारीला लागून मोकळी जागा होती. तिथं बांधू या, असं मी नवऱ्याला म्हटलं. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, चार लोकांत ऊठबस आहे. त्यांना कल्पना लगेच पटली, पण कारण वेगळं होतं.

मला हवं होतं माझ्या छातीइतकं पाणी. मिस्त्री हुक्केरीकडचा, कानडी बोलणारा. त्यानंही चार फुटांची खूण करून "साकु, आक्का," म्हणजे पुरे, ताई, असं सांगितलं. हे मात्र एका टोकाला आठ फूट खोल पाहिजे म्हणून अडून बसले.

"चार फुटांचा हौद म्हशी धुवायला असतोय," म्हणाले. "बांधायचाच तर लोकांनी बघाय यावं असा बांधू."

मी गप्प बसले. वर्गात साठ पोरांपुढं आवाज चढवणारी बाई स्वतःच्या पोहण्याबद्दल बोलायला लाजली. पहिली चूक ती. दुसरी चूक कडुनिंबाची. सावली मिळेल म्हणून खड्डा निंबाखाली काढला. फाल्गुन सरता सरता मोहोर गळायला लागला, त्यामागं पिकल्या निंबोळ्या. पाण्यावर साय धरावी तसा थर. सकाळचा एक तास जाळी फिरवण्यात जायचा, अर्धा तास पोहण्यात.

तरी पहिल्या उन्हाळ्याचं खरं दुःख निंबोळ्यांचं नव्हतं, पाहुण्यांचं होतं. संकेश्वर, गडहिंग्लज, कोल्हापूर, जिकडं नातं तिकडनं दर रविवारी गाड्या यायच्या. पुरुष आणि पोरं पाण्यात, बायका काठावर टॉवेल धरून. मी स्वयंपाकघरात भडंग आणि भजी करत उभी. त्या सगळ्या उन्हाळ्यात मी जेमतेम सात-आठ वेळा पाण्यात उतरले असेन. गुडघे माझे, पण हौद सगळ्यांचा झाला होता.

एका रविवारी मी ओले टॉवेल गोळा करत होते. पाण्यात उताणा पडलेल्या धाकट्या दिरानं डोळे न उघडता सांगितलं, "वहिनी, चहा होऊ दे अजून एकदा." त्यात वावगं काही नव्हतं. माणूस चांगला आहे. चहा मी केलासुद्धा. पण कप मी ट्रेमध्ये असा आपटला की त्याचा कान तुटला, आणि आपल्याला किती राग आलाय हे मला त्या तुटक्या कानावरनं कळलं.

पुढच्या रविवारी मागच्या दाराला मी कुलूप लावलं. गाड्या आल्या. हे किल्ली मागायला आले.

"पावणे आल्यात. उघड की."

"उघडते," मी म्हटलं. "आज बायका पोहणार. भडंगाचं सामान कट्ट्यावर काढून ठेवलंय, तुम्ही सगळ्यांनी मिळून करा."

सोप्यात हसू पिकलं. मग मी हसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि धाकटा दीर उठून कट्ट्याकडं गेला.

पहिली उतरली माझी जाऊ. गाऊन घालून आली तर तो पाण्यात फुग्यासारखा वर आला, म्हणून तिला माझी सलवार दिली. तासभर तिनं काठाची दांडी सोडली नाही. बाहेर येऊन केस पुसताना एवढंच म्हणाली, "किती वर्सांनी अंग हलकं लागलं गं." त्यानंतर रविवार बायकांचा झाला. गल्लीत बोलणं झालं की बाईंनी म्हातारपणी बायका बिघडवल्या. मी गवंडी बोलावून आवाराच्या भिंतीवर विटांचे तीन थर चढवले आणि रविवार चालू ठेवला.

सासूबाईंची गोष्ट वेगळी होती. त्यांना घरात सगळे आक्का म्हणतो. आम्ही जैन. आक्का प्यायचं पाणी अजूनही फडक्यानं गाळतात आणि सूर्य मावळला की तोंडात घास घालत नाहीत. रोज सकाळी त्या हौदाकाठी येऊन पाण्यावरचे मेलेले किडे, पाकोळ्या, कधी एखादा बेडूक बघायच्या. ओरडल्या नाहीत. एक दिवस फक्त म्हणाल्या, "तुला पोहायचं तर पोह गं. पण ह्या जिवांनी काय केलंय?"

हे कुठल्याच बांधणाऱ्यानं मला आधी सांगितलेलं नव्हतं. मी हौदाचे दिवे काढून टाकले, कारण किडे दिव्याला येत होते. चारही कोपऱ्यांत पोतं गुंडाळलेल्या फळ्या तिरप्या सोडल्या. त्यांवरनं बेडूक चढून बाहेर जायला लागले. असा हौद बांधायला निघालेले हौशी लोक मला फरशीचा रंग विचारतात. मी त्यांना आधी फळ्या सांगते. चातुर्मासात आक्का स्वतः चाळणी घेऊन काठानं फेरी मारतात आणि त्यांची फेरी झाल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही. त्यांना हौद आवडत नाही, आजही. आम्ही दोघींनी ते मान्य केलंय.

तिसऱ्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं. गल्लीतले एक वडीलधारे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, घरी आले. नळाला चार-चार दिवस पाणी न्हाय आणि तुम्ही पवताय, हे बरं दिसतं का, असं त्यांनी माझ्या तोंडावर विचारलं. त्यांचा ऊस बारा एकर आहे. सरीतनं वाहून पाणी बांधावर जाईपर्यंत मोटर बंद होत नाही.

"आप्पा, तुमच्या उसाला कुणी असं विचारलंय का?" मी म्हटलं.

"ऊस पोटासाठी हाय."

"आणि माझे गुडघे?"

ते उठून गेले. त्यांना गप्प केल्याचं समाधान त्या दिवसभर पुरलं, दुसऱ्या दिवशी पुरलं नाही. शेजारची बाई दोन घागरींसाठी टँकरमागं धावताना दिसली. आप्पांचा ऊस हे माझ्या हौदाचं उत्तर होऊ शकत नव्हतं. मी त्यांची माफी मागितली नाही, पण बोअरचा पाइप काढून टाकला. वखारीच्या पत्र्याला पन्हळ बसवली आणि पावसाचं पाणी हौदात वळवलं. तेव्हापासून आमचा हौद आषाढात भरतो आणि होळीच्या आगेमागे रिकामा होतो. कडक उन्हाळ्यात, जेव्हा सगळ्या जगाला पोहायचं असतं, तेव्हा तो कोरडा असतो. हसणाऱ्यांची तेव्हा चंगळ असते.

असाच कोरडा असताना मी खोल टोक भरून घ्यायचं ठरवलं. हे भडकले. केलेलं कुणी मोडतं का, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. मिस्त्री तोच होता. त्यानं मुरूम टाकला, वर काँक्रीट केलं, आणि माझ्या खांद्याकडं बोट दाखवून इतकं पाणी चालेल का विचारलं. मी म्हटलं, जरा खाली, छातीला. हे महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पाणी भरल्यावर श्रावणातल्या एका सकाळी मी पोहत होते. हे पायऱ्यांवरनं उतरले, दांडी सोडून चालत मधोमध आले आणि उभे राहिले. तीन वर्षांत मी त्यांना पायऱ्यांच्या पुढं आलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, ह्या माणसाला पोहायला येतच नाही. आठ फुटांचा आग्रह धरणारा माणूस आठ फुटांना भिऊन काठावर बसला होता. मी पोहत राहिले. आता हे रोज वीस मिनिटं पाण्यात चालतात.

मागच्या हिवाळ्यात माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन शेवटी करावंच लागलं. भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणली आणि सोबत तोच प्रश्न आणला: मग हौदाचा उपयोग काय झाला? पुण्याहून मुलगा आला. तो आईच्या काळजीनंच बोलत होता. म्हणाला, पाय घसरला तर केवढ्याला पडेल, बुजवून टाकू, वर फरशी घालून गाडी लावायला जागा करू. हे माझ्याकडं बघत राहिले. ह्या वेळी त्यांनी त्याला दुजोरा दिला नाही.

मी पलंगावर होते, पायाला टाके होते. मी मुलाला सांगितलं की कुठं काय चुकलं ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, जागा चुकली, खोली चुकली, पहिलं वर्ष वाया गेलं. "माझ्यामागं काय करायचं ते करा," मी म्हटलं. "मी आहे तोवर त्यात पाणी राहणार."

टाके सुकल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. हौदात तेव्हा जेमतेम कमरेइतकं पाणी उरलं होतं आणि ते थंड होतं. मी उतरले.